वारसास्थळ मोडण्याची परवानगी कोण देतो? ऑस्ट्रेलियातील कायद्यांची पार्श्वभूमी

एप्रिल २०२१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात लेक बोलॅकजवळ ईल माशाच्या आकारातल्या प्राचीन दगडी मांडणीचा बराच भाग उखडला गेला. ही मांडणी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. जमीन खासगी मालकीची होती आणि मांडणीची सरकारदरबारी नोंद होती. तरीही दगड हलले, आणि ते हलल्याचे आदिवासी समाजाला कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

या भागात ईल हा केवळ खाण्याचा मासा नाही. इथल्या तळ्यांतून आणि ओढ्यांतून ईल समुद्राकडे निघतात आणि अंडी घालण्यासाठी थेट उत्तरेच्या कोरल समुद्रापर्यंत जातात. त्यांच्या या प्रवासाच्या हंगामात लेक बोलॅकच्या काठी वेगवेगळ्या टोळ्या जमत. मासेमारी होई, देवाणघेवाण होई, तंटे मिटवले जात. पश्चिमेला बज बिम येथे ईल पकडण्यासाठी दगडात काढलेले सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचे पाट आहेत. २०१९ मध्ये त्या परिसराला जागतिक वारसा दर्जा मिळाला. शेतातली मांडणी याच जगाचा भाग आहे. तिला ‘काही जुने दगड’ म्हणणे म्हणजे मंदिराला चिऱ्यांचा ढीग म्हणण्यासारखे आहे.

ज्वालामुखीच्या त्या सपाटीवर शेती करायची तर आधी दगड वेचावे लागतात. १९ व्या शतकात वसाहतवाल्यांनी तेच दगड रचून मैलोन्मैल कुंपणाच्या भिंती घातल्या. दगड वेचणे हे तिथे दीडशे वर्षे शेतकऱ्याचे रोजचे काम होते आणि कायद्यानेही ते तसेच मानले. व्हिक्टोरियात २००६ चा वारसा कायदा आहे. वारसास्थळाला इजा करणे हा त्याखाली गुन्हा आहे. मोठ्या प्रकल्पांना आधी वारसा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. मात्र नियमांतल्या ‘जमिनीतील लक्षणीय फेरफार’ या व्याख्येतून साधी नांगरट वगळलेली आहे. इजेचा गुन्हा शेतकऱ्यालाही लागू होतो, पण काम सुरू होण्याआधी त्याच्या बांधावर जाऊन पाहणारे कोणी नसते.

देशाच्या पातळीवर १९६० च्या दशकापर्यंत या बाबतीत फारसे काही नव्हते. नंतर राज्यांनी जे कायदे केले त्यांत ‘अवशेष’ हा शब्द होता. वारसा म्हणजे संग्रहालयात ठेवायची वस्तू, आणि ज्यांचा तो वारसा ते लोक जणू इतिहासजमा झालेले, असा तो विचार होता. न्यू साउथ वेल्समध्ये तर आदिवासी वारशाचे रक्षण १९७४ च्या राष्ट्रीय उद्याने व वन्यजीव कायद्यात घातले गेले आणि ते आजही तिथेच आहे.

खरा गुंता समजून घ्यायचा तर पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे जावे लागते. तिथला कायदा १९७२ चा. लिओनोराजवळच्या वीबो येथील पवित्र दगड शोभेचे म्हणून बाजारात जाऊ लागले, त्यावरून १९६९ मध्ये गदारोळ झाला आणि त्यातून हा कायदा आला. त्याच्या १७ व्या कलमाने स्थळांना इजा करण्यास मनाई केली. १८ व्या कलमाने जमीनधारकाला ती इजा करण्याची परवानगी मागण्याची वाट ठेवली. खाणपट्टा असलेली कंपनीही यात जमीनधारकच. सुरुवातीला ही परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार राज्य संग्रहालयाच्या विश्वस्तांकडे होता.

हा अधिकार विश्वस्तांकडून निसटला तो नूनकनबा प्रकरणात. किम्बर्ली भागातल्या, आदिवासींच्या ताब्यातल्या या गुरांच्या कुरणावर एका कंपनीला तेलासाठी विहीर खणायची होती आणि ती जागा पवित्र मानली जाई. विश्वस्तांनी परवानगी नाकारली, तर सरकारने त्यांना ती द्यायला लावली. ऑगस्ट १९८० मध्ये खोदाईची यंत्रे लादलेला ट्रकांचा ताफा पोलीस बंदोबस्तात निघाला. लोकांनी रस्ता अडवला, कामगार संघटनांनी साथ दिली, तरी विहीर खणली गेली. तेल निघाले नाही. त्याच वर्षी कायदा बदलून १८ व्या कलमाचा निर्णय विश्वस्तांकडून काढून मंत्र्याकडे देण्यात आला. मंत्र्याने ‘समाजाचे सर्वसाधारण हित’ पाहून निर्णय घ्यायचा. तो पटला नाही तर जमीनधारक अपील करू शकत होता. ज्यांचे ते स्थळ, त्यांना अपील नव्हते. पुढची चाळीस वर्षे ही तरतूद तशीच राहिली आणि पुढच्या जवळपास प्रत्येक वादाचे मूळ तिच्यात आहे.

मधल्या काळात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या माबो निकालाने आणि १९९३ च्या कायद्याने आदिवासींचा भूमीवरचा मूळ हक्क मान्य झाला. समाजांना खाणकंपन्यांशी वाटाघाटी करता येऊ लागल्या, मात्र नकाराधिकार मिळाला नाही. पुष्कळ करारांत समाजाने जाहीर विरोध करायचा नाही अशी अट असे. १८ व्या कलमाखाली खाणींसाठी आलेले अर्ज जवळपास सगळेच मंजूर होत राहिले. त्यात २०१० नंतर सरकारी यंत्रणेने ‘पवित्र स्थळ’ याचा अर्थच आक्रसून टाकला: तिथे प्रत्यक्ष धार्मिक आचार झाला पाहिजे, नुसती कथा-गीतांतून सांगितलेली जागा पुरेशी नाही. वीसहून अधिक स्थळे नोंदवहीतून गळली. २०१५ मध्ये पोर्ट हेडलंडच्या बंदराबाबतच्या खटल्यात न्यायालयाने हा अर्थ चुकीचा ठरवला.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्याच पिलबारा भागातल्या जूकन घळीतल्या गुहा नष्ट करण्याची मंजुरी रिओ टिंटो या खाणकंपनीला २०१३ मध्ये याच कलमाखाली मिळाली. त्यानंतर, २०१४ मध्ये तिथे बचाव उत्खनन झाले. हजारो वस्तू निघाल्या. त्यांत माणसांच्या केसांची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणीही होती, आणि तिच्या डीएनएचे नाते आज हयात असलेल्या मूळ धन्यांशी, म्हणजे त्या भूमीच्या परंपरागत आदिवासी मालकांशी, जुळले. त्या जागी माणसाचा वावर ४६,००० वर्षांपूर्वीपासून असल्याचे दिसले. हे कळल्यावर मंजुरीचा फेरविचार व्हायला हवा होता, असे कोणालाही वाटेल. पण नवी माहिती आली म्हणून जुनी मंजुरी तपासण्याची सोय कायद्यातच नव्हती. कंपनीकडे खाणीच्या आखणीचे चार पर्याय होते, त्यांपैकी तिघांत गुहा वाचत होत्या. मूळ धन्यांना हे सांगितलेच गेले नाही. चौथा पर्याय निवडला गेला, कारण त्यात सुमारे ८० लाख टन जादा लोहखनिज मिळणार होते. २४ मे २०२० रोजी स्फोट झाला आणि गुहा उद्ध्वस्त झाल्या.

हे कायद्याचे उल्लंघन नव्हते, हीच यातली सर्वात क्लेशकारक गोष्ट आहे. कंपनीच्या वरिष्ठांना पदे सोडावी लागली आणि संसदीय समितीचे दोन अहवाल आले. २०२१ च्या अंतिम अहवालाने समाजांच्या सहभागातून नवा राष्ट्रीय कायदा करण्याची शिफारस केली.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये नवा कायदा केला आणि तो १ जुलै २०२३ रोजी लागू झाला. १,१०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर काय करायचे, किती खोल खणायचे, यानुसार परवानगीचे टप्पे ठरवले होते. शेतकरी बिथरले. नियम अगदी शेवटच्या क्षणी आले, ते समजावून सांगणारे पुरेसे लोक नव्हते, ही त्यांची तक्रार खरी होती. पण त्या तक्रारीच्या आडून, घरामागे झाड लावायलाही परवानगी लागेल अशी भीती पसरवली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आदिवासींच्या घटनात्मक प्रतिनिधित्वाबाबत सार्वमत होते, त्याचाही ताण होता. ८ ऑगस्टला सरकारने कायदा मागे घेण्याची घोषणा केली आणि १५ नोव्हेंबरपासून १९७२ चा कायदा परत आला. अपिलाचा हक्क आता मूळ धन्यांनाही आहे आणि नवी माहिती मिळाली तर ती कळवणे बंधनकारक आहे. निर्णय मात्र अजूनही मंत्र्याच्याच हाती आहे.

आदिवासी वारशाच्या रक्षणाचा केंद्राचा १९८४ चा कायदा हा अखेरचा उपाय म्हणून आहे आणि तो क्वचितच वापरला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्समधील ब्लेनीजवळ बेलुबुला नदीच्या उगमाकडचा भाग त्याखाली सुरक्षित करण्यात आला. त्यामुळे सोन्याच्या खाणीचा गाळ साठवण्याचा बांध तिथे घालता येईना. आदिवासींच्या स्थानिक भूमी परिषदेने खाणीला विरोध केला नव्हता, वडीलधाऱ्यांच्या दुसऱ्या गटाने केला होता. त्या जागेबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावर तिथे वाद पेटला, आणि १९८४ च्या कायद्यात त्याचे सरळ उत्तर नाही.