ऑटोप्ले बंद करणे

वेबपान उघडताच किंवा ॲपमधील फीड सरकवताना, वापरकर्त्याने प्लेचे बटण न दाबता सुरू होणारा व्हिडिओ रोखणे. या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी येतात : आवाज रोखणे, हलते चित्र रोखणे आणि एक व्हिडिओ संपल्यावर पुढचा आपोआप लागणे रोखणे. बहुतेक सेटिंग यांपैकी एखादीच गोष्ट थांबवतात. म्हणून ‘बंद केले तरी चालूच राहते’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. व्हॉट्सॲपवरचे फोटो-व्हिडिओ फोनमध्ये आपोआप उतरणे हा वेगळा प्रकार असल्याने तो येथे घेतलेला नाही.

उगम : ऑटोप्लेची सुरुवात सामान्यतः फेसबुकपासून धरली जाते. फेसबुकने २०१३ मध्ये फीडमधील व्हिडिओ आपोआप चालवून पाहिले व त्याच वर्षीच्या डिसेंबरात जाहिरातींनाही ती सोय देऊ केली. ट्विटरने जून २०१५ मध्ये हीच वाट धरली. दुसरे मत याहून बरेच मागे जाते. १९९०च्या दशकाच्या मध्यास इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पान उघडताच पार्श्वसंगीत वाजवणारा खास टॅग (पानाच्या संहितेतील सूचनेची खूण) होता, पुढे प्लग-इन (ब्राउझरला जोडली जाणारी पूरक सॉफ्टवेअरे) आले आणि त्यांतील फ्लॅशच्या जाहिरातींनी आपोआप वाजण्याचा कळसच गाठला. फ्लॅशचा आशय क्लिक केल्याशिवाय न चालवण्याची ब्राउझरमधील सोय ही आजच्या ऑटोप्ले-बंदीची थेट पूर्वज म्हणता येईल. तांत्रिक वंशावळ पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र आवाज बंद ठेवून नुसते चित्र चालवण्याची रीत अंगवळणी पाडली ती फेसबुकनेच.

तांत्रिक बाजू : २८ ऑक्टोबर २०१४ रोजी डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल५ या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत व्हिडिओच्या टॅगला ‘ऑटोप्ले’ हा गुणधर्म आहे. तो केवळ असण्या-नसण्याने ठरतो. त्यापुढे ‘फॉल्स’ लिहिले तरी व्हिडिओ चालतोच. थांबवायचा तर तो शब्दच खोडावा लागतो. नवे डेव्हलपर येथे हमखास फसतात. ‘प्रीलोड’ गुणधर्मात ‘काहीही आधी उतरवू नका’ असे सांगितले असले, तरी ऑटोप्ले त्याला जुमानत नाही.

आयफोनवरील सफारीने सुरुवातीची अनेक वर्षे बोटाच्या स्पर्शाशिवाय व्हिडिओ चालू दिला नाही. मोबाइल डेटाचा खर्च वापरकर्त्याच्या माथी बसतो, हे त्यामागचे कारण होते. २०१६ मध्ये आयओएस १० बरोबर हा निर्बंध सैल झाला आणि मूक व्हिडिओंना मुभा मिळाली. दिलेले समर्थन असे : संकेतस्थळे तेच काम जिफ या हलत्या चित्रांच्या प्रकाराकडून करून घेत होती आणि काही अंदाजांनुसार जिफला व्हिडिओच्या बारापट डेटा व दुप्पट ऊर्जा लागते. काही जाहिरातदार तर व्हिडिओचा टॅगच टाळून एकेक चौकट (फ्रेम) जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेने कॅनव्हासवर, म्हणजे पानातील चित्रफलकावर, रंगवत, म्हणजे बंदी लागूच होत नसे. मूक व्हिडिओला आज जवळजवळ सर्वत्र असलेली सूट ही या पळवाटांशी केलेली तडजोड आहे. आयफोन लो पॉवर मोडवर असेल तर हे मूक व्हिडिओही थांबतात. ही बहुतेकांच्या लक्षात न येणारी बाब.

क्रोमने एप्रिल २०१८ मधील ६६व्या आवृत्तीत आवाजासह ऑटोप्लेवर मर्यादा घातली. वापरकर्त्याने पानावर क्लिक, टॅप किंवा कळ दाबली असेल तर आवाजाला परवानगी मिळते. नुसते स्क्रोल करणे धरले जात नाही. याखेरीज डेस्कटॉपवर प्रत्येक संकेतस्थळाचा ‘मीडिया एंगेजमेंट’ निर्देशांक ठेवला जातो : टॅब समोर असताना, आवाज चालू ठेवून, २०० × १४० पिक्सेलहून मोठा व्हिडिओ सात सेकंदांपेक्षा जास्त पाहिला की त्याची नोंद होते आणि भेटींच्या तुलनेत अशा नोंदी पुरेशा झाल्या की त्या संकेतस्थळाला आवाजाची मोकळीक मिळते. नव्या वापरकर्त्यासाठी हजाराहून अधिक संकेतस्थळांची तयार यादी जोडलेली होती. मोठ्या संकेतस्थळांना यातून आयती सवलत मिळते, हा आक्षेप निराधार नाही. याच धोरणामुळे कित्येक वेब-गेम मुके झाले. तेव्हा वेब ऑडिओपुरता (ब्राउझरमध्येच ध्वनी निर्माण करण्याच्या सोयीपुरता) निर्बंध मे २०१८ मध्ये मागे घेऊन डिसेंबरातील ७१व्या आवृत्तीत पुन्हा आणला गेला.

फायरफॉक्सने मार्च २०१९ मध्ये (आवृत्ती ६६) आवाज असलेला ऑटोप्ले सरसकट अडवला आणि अपवाद ठरवणे वापरकर्त्यावर सोडले. त्याच वर्षी ६९व्या आवृत्तीत आवाज व चित्र दोन्ही रोखण्याचा पर्याय आला. मॅकवरील सफारीत तो २०१७ पासून (आवृत्ती ११) प्रत्येक संकेतस्थळापुरता उपलब्ध आहे. निर्देशांकाच्या गणितापेक्षा ही सरळ परवानगीची पद्धत सामान्य माणसाला समजण्याजोगी आहे. क्रोमच्या डेस्कटॉप सेटिंगमध्ये संकेतस्थळाचा आवाज बंद करता येतो; मूक चित्र थांबवायला बहुधा एक्स्टेंशनच (ब्राउझरला जोडायचे पूरक साधन) लागते.

ॲप व मोबाइल : फेसबुक, एक्स (पूर्वीचे ट्विटर) आणि प्ले स्टोअरमध्ये साधारणपणे ‘नेहमी’, ‘फक्त वाय-फायवर’ आणि ‘कधीही नाही’ असे तीन पर्याय असतात. यूट्यूबवर ‘ऑटोप्ले’ नावाचे बटण फक्त पुढचा व्हिडिओ लागणे रोखते. फीडमधील चलचित्रांसाठी वेगळे सेटिंग आहे. नेटफ्लिक्सने पूर्वझलक बंद करण्याची सोय फेब्रुवारी २०२० मध्ये दिली.

प्रमाणके व कायदा : डब्ल्यूसीएजी २.० या दिव्यांगांसाठीच्या सुलभता-प्रमाणकानुसार (२००८) तीन सेकंदांहून अधिक वेळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची किंवा कमी करण्याची सोय पानावर हवी. स्क्रीन-रीडरचा (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाचा) आवाज त्याखाली बुडतो, हे त्याचे मुख्य कारण. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात थेट प्रक्षेपणादरम्यान दोन पत्रकारांची हत्या झाली. मारेकऱ्याने टाकलेला व्हिडिओ अनेकांना इच्छा नसताना दिसला आणि ऑटोप्लेकडे केवळ डेटाचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरले. ऑटोप्लेवर बंदी सुचवणारे विधेयक अमेरिकी सिनेटमध्ये जॉश हॉली यांनी जुलै २०१९ मध्ये मांडले. ते संमत झाले नाही. यूट्यूबने ऑगस्ट २०२१ मध्ये १३ ते १७ वयोगटासाठी ऑटोप्ले मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचना) नोंदवले आहेत. त्यांत ऑटोप्लेचा स्वतंत्र उल्लेख नाही.