साक्षीदार दोन, हात एकच

एखादी गोष्ट तीन ठिकाणी वाचायला मिळाली की आपल्याला वाटतं चला, पुरावा भक्कम आहे. पण तिघांनी एकाच ठिकाणाहून उचललं असेल तर पुरावा एकच धरायचा, तीन नाही. इतिहासाची साधनं तपासताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते असं मला वाटतं.

1983 चं, हिटलरने लिहिल्या म्हणून गाजवलेल्या डायऱ्यांचं प्रकरण बघा. जर्मनीतल्या श्टेर्न मासिकाने त्यासाठी तब्बल 93 लाख मार्क मोजले होते, आणि हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर पडताळलं तर जुळलं सुद्धा! जुळणारच, कारण तुलनेसाठी जे नमुने दिले होते त्यातले काही त्याच कोनराड कुयाऊने बनवलेले होते ज्याने डायऱ्या लिहिल्या. मग सरकारी अभिलेखागाराच्या तपासणीत पानं अतिनील प्रकाशाखाली धरली आणि कागद चमकायला लागला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात, ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं, आणि त्याचा वापर सुरू झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. हिटलर गेला 1945 मध्ये. 25 एप्रिलला थाटात जाहीर झालेल्या डायऱ्या 6 मेला बनावट ठरल्या. मजकूरही बराचसा हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संग्रहातून उतरवलेला निघाला, तोही त्यातल्या चुकांसकट, म्हणजे संग्रहाशी ताडून पाहिलं असतं तरी सगळं छान जुळलंच असतं.

दरवेळी लॅब लागतेच असं नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला राज्य दान दिल्याचा दस्तऐवज लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने 1440 मध्ये खोटा ठरवला तो बराचसा भाषेवरून, चौथ्या शतकातल्या म्हणवणाऱ्या त्या मजकुरात रोमन अधिकाऱ्यांना चक्क 'सत्रप' म्हटलंय, जे मुळात इराणी सुभेदारांसाठीचं नाव!

शोधायला सुरुवात तळटीपांपासून करा. लेखकाने कुठून घेतलं ते बघा, मग त्याने कुठून, असं मागे मागे जात राहा. कधी कधी चार पुस्तकं पालथी घातल्यावर सगळ्यांचं मूळ एकाच पत्रात निघतं. मग ते पत्र कोणी, कोणाला, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलं ते बघायचं. पत्र अस्सल असलं तरी लिहिणारा वरिष्ठांसमोर स्वतःची बाजू सावरत असू शकतो, म्हणून मी अशा वेळी हिशेबाच्या वह्या शोधते, कारण किती घोड्यांना दाणा लागला हे लिहिणाऱ्याला लढाई कोण जिंकलं याच्याशी सहसा काही देणंघेणं नसतं.