झटपट गेमसाठीच्या छोट्या भाषा : पार्श्वभूमी

सोलापुरातल्या कॉलेजांतून आणि क्लासमधून कॉम्प्युटर शिकलेली एक अख्खी पिढी टर्बो सीवर, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, वाढली. त्यात पडद्यावर साधा चेंडू उडवायचा तर आधी ग्राफिक्स डॉट एच ही फाइल जोडा, मग ग्राफिक्स मोड सुरू करा, चित्रं काढायच्या फाइली असलेल्या बीजीआय फोल्डरचा पत्ता द्या. पत्ता जरा चुकला की चेंडूऐवजी एरर. गेम बाजूलाच राहायचा आणि तास संपायचा. गेमसाठी हौशी मंडळींनी वेगळ्या छोट्या भाषा का रचल्या, ते यातच आलं.

सुरुवात 1964 ची. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली, गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही जमावी म्हणून. ऐंशीच्या दशकातले बरेच घरगुती कॉम्प्युटर चालू केले की समोर थेट बेसिकच यायची. आपल्याकडे सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत पोचलेल्या बीबीसी मायक्रोवरही तीच होती. 1991 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉस 5 सोबत क्यूबेसिक ही बेसिकची आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर ‘गोरिला’ हा गेम, पूर्ण सोर्स कोडसकट. इमारतींवरचे दोन गोरिला एकमेकांना केळी फेकून मारतात. सुरुवातीलाच गेम गुरुत्वाकर्षण विचारतो, पृथ्वीसाठी 9.8. आकडा कमी केला की केळं लांब जातं. मग कोड उघडायचा आणि हवं ते बदलून बघायचं. प्रोग्रामिंगची गोडी लावायला याहून चांगली वाट मला तरी दिसलेली नाही.

पुढे थ्रीडी कार्डं आली, गेम इंजिनं (गेम ज्यावर उभा राहतो ती तयार सॉफ्टवेअरं) अवाढव्य झाली, आणि एकट्याने गेम करणं आवाक्याबाहेर गेलं. उलट्या दिशेनेही काम चालू होतं. नेदरलँड्समध्ये मार्क ओव्हरमार्स यांचं गेम मेकर हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर 1999 मध्ये आलं. 2002 पासून लुडम डेअर या स्पर्धेत 48 तासांत गेम पूर्ण करायची प्रथा रुजली, त्यामुळे हाताला हलक्या साधनांची गरज वाढली. 2013 मध्ये स्टीफन लॅव्हेल यांनी कोड्यांच्या गेमसाठी पझलस्क्रिप्ट ही भाषा काढली. खेळाडू खोक्याकडे सरकला की खोकंही त्याच दिशेने सरकावं, एवढा नियम एका ओळीत बसतो, आणि खोकी ढकलायच्या कोड्याचा गाभा तेवढाच असतो.

पिको-8 हा सॉफ्टवेअरमध्येच असलेला, काल्पनिक छोटा गेम कन्सोल. त्यात मर्यादा मुद्दाम घातल्या आहेत: पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा, रंग 16, कोड 8192 टोकनांपर्यंत (टोकन म्हणजे ढोबळमानाने कोडमधला एकेक शब्द, आकडा किंवा चिन्ह). भाषा ब्राझीलमध्ये 1993 साली जन्मलेल्या लुआवर बेतलेली. ‘अपडेट’ आणि ‘ड्रॉ’ ही दोन फंक्शनं लिहायची. सेकंदाला 30 वेळा ती आपोआप चालतात. बीजीआयचा पत्ता वगैरे काही नाही.

यातलं चित्र 8 बाय 8 चौकटींत रंगवावं लागतं, आणि ही रीत सोलापूरला परकी नाही. जेकार्ड चादरीचं डिझाइन ग्राफ पेपरवर चौकट-चौकट भरून करतात, त्यावरून कार्डांना भोकं पाडतात, आणि कोणता धागा उचलायचा ते भोक ठरवतं. थोड्या चौकटींत मोर ओळखू यावा यासाठी कुठली चौकट सोडायची, हे डिझाइन काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पूर्व भागातल्या मागवाल्यांच्या घरातल्या मुलांनी या कामात हात घालावा असं मला फार वाटतं. पिको-8 ची शिक्षणासाठीची आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट उघडते.