छोटा ट्रॅक्टर: गिअरचा की हायड्रोस्टॅटिक?

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फिरणारे वीस-पंचवीस एचपीचे मिनी ट्रॅक्टर आणि अमेरिकेत घरामागच्या चार-पाच एकरांत राबणारे कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर साधारण एकाच मापाचे. तिकडच्या व्हिडिओत माणूस डावा पाय निवांत ठेवून उजव्या पायाच्या पॅडलवर ट्रॅक्टर पुढे-मागे नाचवताना दिसतो आणि इकडे प्रश्न सुरू होतो, की आपल्याकडे हा 'ऑटोमॅटिक' ट्रॅक्टर का मिळत नाही? मुळात तो ऑटोमॅटिक नसतोच. कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लोड बघून स्वतःच गिअर बदलतो. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे एचएसटी, स्वतःहून काहीही ठरवत नाही. किती वेगाने जायचं ते सर्वस्वी तुमचा पाय ठरवतो, आणि पायाचं चुकलं तर तो ते सुधारत बसत नाही.

आतली रचना कळली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, ते तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. पंपात गोलाकार मांडलेले छोटे पिस्टन असतात आणि त्यांच्या टोकाशी एक कलणारी तबकडी. तबकडी सरळ असली की पिस्टन नुसते गोल फिरतात, आत-बाहेर होत नाहीत. तेल हलत नाही आणि ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो. पॅडल दाबलं की तबकडी कलते, पिस्टनचा स्ट्रोक लांबतो, तेल जास्त जातं, वेग वाढतो. उलट्या बाजूला कलली की रिव्हर्स. या सगळ्यात इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, होते तिथेच राहतात. एचएसटीची खरी कमाई ही आहे. क्लच दाबावा लागत नाही, हा वरचा फायदा.

गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिनाचे आरपीएम आणि चाकांचा वेग एकमेकांना बांधलेले असतात. ८ पुढचे आणि ४ मागचे गिअर म्हणजे बारा ठरलेली गुणोत्तरं. मधला वेग हवा असेल तर थ्रॉटल कमी-जास्त करायचा, आणि थ्रॉटल हलला की पीटीओही हलला, म्हणजे रोटाव्हेटर-ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट.

"जेसीबीतही असंच असतं ना?" असं विचारणारे बरेच भेटतात. नाही. जेसीबीच्या नेहमीच्या बॅकहो लोडरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या झोताने फिरतो. त्याच्यामागे पुन्हा गिअर आलेच. तिथे तेलाचा वेग काम करतो, इथे तेलाचा दाब. एचएसटी आपल्याकडे बघायचाच असेल तर भंडारा-गोंदियाकडे भात कापणीच्या हंगामात जावं. कुबोटाच्या डीसी-६८जी हार्वेस्टरचा ड्रायव्हर एकच लिव्हर पुढे-मागे करत चिखलात मशीन चालवतो, ती एचएसटीची लिव्हर. आडवा झालेला भात समोर आला की तो नुसता वेग कमी करतो. आत मळणी चालूच.

आता किंमत. पैशांची नव्हे, एचपीची. अमेरिकेत विकला गेलेला कुबोटाचा एल२५०१ दोन्ही प्रकारांत आला, म्हणून तुलना सोपी. इंजिन तेच, २४.८ एचपीचं. गिअरच्या मॉडेलमध्ये पीटीओवर २०.५ एचपी मिळतात, एचएसटीच्या मॉडेलमध्ये १९. दीड एचपी तेल घुसळण्यात आणि तापवण्यातच जातात. चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या ताकदीत तूट याहून जास्त असते, कारण तिथे सगळी शक्ती पंप आणि मोटर अशा दोन टप्प्यांतून जाते आणि दोन्हीकडे थोडी गळते. पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरला हे खपून जाईल. वीसच्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर ओढताना जाणवतंच. नांगरट, किंवा भरलेली ट्रॉली घेऊन चढ चढणं, असं सतत ओढीचं काम असेल तर गिअरला तोड नाही. त्यात फार चर्चेसारखं काही नाही.

एचएसटीवर नवीन बसलेला माणूस हमखास एक चूक करतो. लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढची उचलायची बकेट, मातीच्या ढिगात घुसवला, इंजिन दबायला लागलं, की तो पॅडल आणखी दाबतो. मोटारीच्या ॲक्सिलरेटरची सवय. पण इथे पॅडल जास्त दाबणं म्हणजे वरचा गिअर टाकणं. इंजिनाची ताकद तेवढीच. तेल जास्त वाहवायला सांगितलं की दाबाला ताकद उरत नाही. इंजिन बंद पडतं, नाहीतर जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तेल तापतं. अशा वेळी पॅडल सोडायचं असतं. पाय हलका केला की तबकडी कमी कलते, प्रवाह घटतो आणि तोच ट्रॅक्टर ढिगात आरामात शिरतो. दुसरी चूक रेंजची. एचएसटीतही लो, हाय अशा दोन-तीन रेंजचे गिअर असतातच. चढावर किंवा लोडरच्या कामाला लो रेंज न टाकता हायमध्ये रेटत राहणं म्हणजे पंपाचं आयुष्य कमी करणं. महागड्या मॉडेलमध्ये लोड ओळखून वेग आपोआप कमी करणारी सोय असते, पण सवय पायाला असलेली बरी.

मिनी ट्रॅक्टर घेताना आपल्याकडे जी खरी अडचण येते ती बहुतेक वेळा गिअरची नसते, क्लचची असते. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालू असताना दगड आला, क्लच दाबला, की चाकांबरोबर रोटाव्हेटरही थांबतो. पाती मातीत रुतलेली असताना पुन्हा सुरुवात करायची, तीही हाफ क्लचवर. प्लेट जळते ती अशीच. डबल क्लच असेल तर पॅडल अर्धं दाबल्यावर फक्त चाकं थांबतात, पूर्ण दाबल्यावर पीटीओही. इंडिपेंडंट पीटीओ असेल तर त्याचा स्वतंत्र लिव्हर असतो आणि क्लचशी त्याचा संबंधच राहत नाही. 'मला एचएसटी हवा' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं म्हणजे डबल क्लच आणि शटल हवं असतं. शटल म्हणजे एका लिव्हरने पुढे-मागे. ओळीच्या टोकाला अरुंद जागेत दोनदा मागे-पुढे करून वळवणाऱ्याला त्याची किंमत कळते.

एचएसटीवाले म्हणतात, हवा तो वेग पायाने धरता येतो म्हणून फवारणीला तोच बरा. गणित मात्र याच्या उलट जातं. नऊ फुटांच्या ओळी धरा. ब्लोअरचे सगळे नोझल मिळून मिनिटाला २० लिटर सोडतात असं समजा. ताशी ४ किलोमीटरने गेलात तर एकरी साधारण ४४० लिटर पाणी पडतं. ताशी ५ किलोमीटर झाले की ३५५ लिटर. वेगात एका किलोमीटरचा फरक आणि औषध एक पंचमांश कमी. गिअरचा ट्रॅक्टर योग्य गिअरमध्ये टाकून आरपीएम बांधले की ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच वेग राहतो. एचएसटीत तो वेग तुमच्या घोट्यावर अवलंबून. खड्ड्यात चाक आदळलं की पाय हलतो, पाय हलला की डोस हलला. क्रूझ कंट्रोल असेल तर वेग धरून ठेवता येतो. नसेल तर डाऊनी या द्राक्षाच्या रोगाच्या दिवसांत मी तरी तो ट्रॅक्टर बागेत नेणार नाही.

मग एचएसटी जिंकतो कुठे? जिथे दर मिनिटाला दिशा बदलते तिथे. शेणखत लोडरने उचलून ट्रॉलीत भरणं, गोठ्यात चारा सरकवणं, झाडाझाडांमधून गवत कापणं, तिकडच्या थंड मुलखात बर्फ बाजूला करणं. लोडरवर अर्धा दिवस काम केलं की गिअरच्या ट्रॅक्टरवर क्लच किती वेळा दाबला जातो याचा हिशेब गुडघाच सांगतो. एक हात स्टिअरिंगवर, एक लोडरच्या जॉयस्टिकवर, मग गिअरला तिसरा हात कुठून आणायचा? अमेरिकेतल्या छोट्या ट्रॅक्टरचं बरंचसं काम हेच असतं, म्हणून तिथे एचएसटी जोरात खपतो. आपल्याकडे बहुतेक मिनी ट्रॅक्टरना लोडर नसतोच. आणि पिढ्यान्‌पिढ्या गिअर टाकलेल्या माणसाला क्लचची भीती दाखवून जास्त पैसे मागता येत नाहीत.

मोठ्या शेतावर हा प्रयोग कधीच होऊन गेला आहे. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६७ साली ६५६ हायड्रो नावाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. तो पीटीओच्या कामाला लोकांना आवडला, पण नांगरटीत डिझेल जास्त खातो म्हणून निव्वळ एचएसटी मोठ्या ट्रॅक्टरमधून मागे पडला. पुढे जर्मनीच्या फेंटने व्हेरिओमध्ये ताकदीचा काही भाग तेलातून आणि काही सरळ गिअरमधून नेऊन दोन्हींचा मेळ घातला. त्याची किंमत बघता इथे विषय नको.

देखभालीत एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. एचएसटीच्या पंपात पिस्टन आणि सिलिंडरमधली फट काही मायक्रॉनची असते. घाण हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरमध्ये ट्रान्समिशन आणि हायड्रॉलिकचं तेल एकच. आता आपली रीत आठवा: शेजाऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडायची, होजचं तोंड पँटला पुसायचं आणि कपलरमध्ये खुपसायचं. त्या ट्रॉलीच्या जॅकमध्ये कधीचं पाणी, कधीची माती. गिअरचे दाते हे बरंच सोसतात. एचएसटी सोसत नाही, आणि तो बिघडला की तालुक्याचा मिस्त्री हात वर करतो, कारण तिथे दुरुस्तीपेक्षा अख्खं युनिट बदलणंच जास्त घडतं. गिअरबॉक्स मात्र कुठल्याही बाजाराच्या गावी खोलला जातो. बॅटरी बसली तर गिअरचा ट्रॅक्टर उतारावर सोडून सुरू होतो. एचएसटी तसा होणार नाही.

उतारावरून आठवलं, दोन्हींत हँडब्रेक लागतोच. चालू एचएसटीत पाय काढला की ट्रॅक्टर थांबतो खरा, पण इंजिन बंद करून तसाच सोडला तर गळतीमुळे तो हळूहळू सरकू लागतो.

मिनी ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा शोरूमच्या फरशीवर चालवून काही कळत नाही. पीटीओ ५४० वर असताना प्रत्येक गिअरमध्ये ताशी किती किलोमीटर जातो तो तक्ता मागा. अडीच ते पाचच्या दरम्यान तीन गिअर मिळत असतील आणि क्लच डबल असेल, तर बागेपुरता शोध संपला. लोडर बसवायचा ठरलाच असेल, तर मात्र एचएसटीचा ट्रॅक्टर जिथे मिळेल तिथे चालवून बघा, आणि भरलेली बकेट घेऊन चढावर पॅडल हळूहळू सोडत तो कसा ओढतो ते पाहा.