जुनी स्पोर्ट्‌स बाईक घेताय? आधी कागद, मग इंजिन

जुनी आर १५ किंवा केटीएम आरसी २०० बघायला गेलेला माणूस आधी सायलेन्सरचा आवाज ऐकतो, मग टायर बघतो आणि कागद सगळ्यात शेवटी मागतो. क्रम उलटा हवा. घासलेल्या क्लच प्लेटा बदलून मिळतात. बँकेचा बोजा असलेली किंवा मयत माणसाच्या नावावरची गाडी मात्र पैसे देऊनही तुमच्या नावावर होत नाही, आणि नावावर न झालेली गाडी म्हणजे पार्किंगमध्ये उभे केलेले भांडण. म्हणून महाराष्ट्रात गाडी नावावर करण्याच्या प्रक्रियेच्या अंगानेच तपासणी कशी करायची, ते पाहू.

चालवणार कोण?

या सगळ्या गिअरच्या गाड्या. परवाना ‘मोटारसायकल विथ गिअर’चा लागतो आणि तो १८ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीपुरताच. बारावीतल्या मुलासाठी वडिलांच्या नावावर गाडी घेऊन ठेवणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ वाचावे. २०१९ च्या दुरुस्तीने ते आले. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही.

विकणारा खरंच मालक आहे का?

या प्रकारच्या गाड्यांत हा प्रश्न जास्त येतो. गाडी घेताना मुलगा अठराचा नसतो, किंवा कर्ज वडिलांच्या नावावर काढलेले असते. त्यामुळे विकायला समोर येतो तो मुलगा, आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव बाबांचे. बाबा हयात असतील तर सही त्यांचीच हवी. मुलाने ‘मी करतो ना’ म्हणून चालत नाही. ते गेले असतील तर आधी वारसाने नमुना ३१ भरून, मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद जोडून गाडी स्वतःच्या नावावर करायची आणि मग विकायची. मधली पायरी गाळून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे ‘ओपन टीटी’. नमुना २९ (विक्रीची सूचना) आणि ३० (मालकी बदलाचा अर्ज) यांवर मूळ मालकाची सही आहे, घेणाऱ्याची जागा कोरी, आणि गाडी मधल्या दोन हातांतून फिरून तुमच्यापर्यंत आलेली. सही खरी असली तरी मालकाचा फोन लागेलच असे नाही, आणि त्या फोनवाचून अर्ज पुढे का सरकत नाही ते खाली येईलच. जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना पोर्टलवर द्यावी लागते. ते दाखवा म्हणावे.

घरबसल्या काय दिसते

गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते, पण नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्ज देणाऱ्या संस्थेची नोंद एवढे कळते. कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरतोच असे नाही. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ लागतो. ‘एनओसी घरी आहे’ या वाक्यावर टोकन देऊ नका. बोजा उतरवून घ्या, मग बोलू, एवढेच सांगा.

ई-चलन गाडीच्या नंबरवर फाटते, माणसावर नाही. महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा वाहतूक पोलिसांच्या चलनाच्या संकेतस्थळावर थकबाकी बघा आणि ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. चोरीची गाडी ओळखण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची मोफत सेवा आहे: नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर टाकला की चोरीच्या नोंदींशी ताडून दाखला मिळतो.

विम्याचा कागद नीट वाचला तर गाडीचा इतिहास सांगतो. चार वर्षांची गाडी, दरवर्षी सर्वसमावेशक विमा, आणि तरी नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य? म्हणजे क्लेम घेतला आहे. कशाचा, ते विचारा. ‘विमा अजून तीन वर्षं आहे’ याचाही अर्थ तपासा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एका वर्षातच संपलेला असतो. शिवाय थर्ड पार्टी हप्त्याचा टप्पा १५० सीसीला बदलतो. आर १५ ची दुसरी आवृत्ती त्याच्या आत बसते, १५५ सीसीची तिसरी वरच्या टप्प्यात जाते.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का बघा. ती नसेल तर आरटीओतली कामे अडतात. आणि वय पाहा. आर १५ पहिल्यांदा २००८ मध्ये आली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपलेली आहे. त्यांना नमुना २५, प्रत्यक्ष तपासणी आणि पर्यावरण कर यातून जाऊन नूतनीकरण करावे लागते.

गाडीसमोर उभे राहिल्यावर

हँडल एका बाजूला वळवा आणि स्टीअरिंग हेडवरचा चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. मग इंजिनवरचा. घासलेला, नव्याने ठोकलेला किंवा रंगाखाली दडवलेला नंबर दिसला तर पुढचे काही तपासायची गरजच उरत नाही.

त्याच जागी हँडलचे स्टॉपर असतात. ते ठेचलेले असतील तर गाडी समोरून आपटली आहे, फेअरिंग (बाहेरचे प्लास्टिकचे आवरण) कितीही चकचकीत असो. नवी फेअरिंग खरे तर संशय वाढवते. ती अडकवायचे आतले लग (कान) तुटलेत का, फोर्कच्या नळ्या सरळ आहेत का, सीलमधून तेल गळते का ते बघा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच तापवून ठेवलेली गाडी सुरू होण्यातली कुरकुर लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. लिक्विड कूल्ड गाडीत कूलंट किती आहे आणि फॅन लागतो का हेही पाहा. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो काढून टाकलेला असू शकतो. १२५ सीसीच्या वर एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. त्यामुळे २०१८ ची आर १५ व्ही ३ आणि २०१९ ची, दिसायला सारख्या असल्या तरी, एका भावाच्या नाहीत.

बाहेरचा सायलेन्सर विकणारा ‘एक्स्ट्रा’ म्हणून मोजतो. तुम्ही तो वजा धरा. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि जप्त सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात. मूळ सायलेन्सर हातात आला तरच सौदा.

अर्ज कसा होतो

परिवहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये महाराष्ट्र निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाका. ओटीपी जातो तो गाडीला जोडलेल्या मोबाईलवर, म्हणजे मूळ मालकाकडे. ओपन टीटीची गाडी अडते ती इथेच. नंबर जुना असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो. पुढे मालकी हस्तांतरण निवडून माहिती भरा, शुल्क भरा आणि पोर्टल सांगेल तशी आधार पडताळणी करा किंवा कागद कार्यालयात द्या.

कागद असे: नमुना २९ च्या दोन प्रती, नमुना ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा नमुना ६०, दोघांची ओळखपत्रे आणि फोटो. काही कार्यालये चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंटही मागतात. दुचाकीच्या हस्तांतरणाचे शुल्क १५० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. एजंट याच्या कितीतरी पट मागतो, तेव्हा आकडा माहीत असलेला बरा.

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणारा ‘नंतर करू’ म्हणाला तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सांगा: गाडी चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकाचीच. बहुतेक जण त्याच आठवड्यात ओटीपी द्यायला तयार होतात. स्टॅम्प पेपरवरचा करार आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती जरूर करा, पण त्याने मालकी बदलत नाही. पैसे बँकेतून द्या, आणि थोडी रक्कम अर्जाची पावती मिळेपर्यंत हातात ठेवा.

कोल्हापूर-सावंतवाडीकडे जीए (गोवा) किंवा केए (कर्नाटक) पासिंगची गाडी स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. मूळ आरटीओचे नमुना २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र, इथे नवा नंबर घेण्यासाठी नमुना २७, तपासणी आणि महाराष्ट्राचा कर असा सगळा खर्च त्या किमतीत मिळवून बघा.

विम्याचे काम १४ दिवसांत करायचे. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा क्लेम हवा असेल तर पॉलिसी तुमच्या नावावर हवी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून फरकाची रक्कम कंपनी तुमच्याकडून घेते.