सावलीतले सेज म्हणजे नागरमोथा नव्हे

‘लव्हाळ्याच्या कुळातले काहीही अंगणात लावू नका, ते नागरमोथ्यासारखे सगळी बाग व्यापते’, असा इशारा अमेरिकेच्या पूर्व भागात घर केलेल्या मराठी बागप्रेमींनाही दिला जातो. ज्याने शेतात नागरमोथा खुरपला आहे, त्याला तो पटणे स्वाभाविक आहे; परंतु कुळ एक असले तरी वाढीची रीत एक नसते. नागरमोथा जमिनीखाली गाठींची साखळी धरतो, खुरपताना तुटून राहिलेली गाठ पुन्हा फुटते, आणि त्याला ऊन भरपूर लागते. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ओकच्या रानांतले मूळचे पेन्सिल्व्हेनिया सेज (sedge, लव्हाळ्याच्याच कुळातली गवतासारखी वनस्पती) मात्र बारीक आडव्या खोडांनी सावकाश पसरते आणि कोरड्या सावलीतही वीतभर उंचीची मऊ हिरवळ धरते.

खात्री करायची असल्यास एक रोप मुळांसकट अलगद काढून माती धुऊन पाहावी. गाठी दिसल्या, तर ते हे सेज नव्हे. त्रिकोणी दांड्यावरून निर्णय करू नये, कारण तो दोघांतही आढळतो. रोपे 20 ते 30 सेंटीमीटर अंतरावर लावावीत. पहिल्या हंगामात पाणी आणि खुरपणी मुळीच चुकवू नये. पुढे वर्षातून एखादी कापणी पुरते, आणि तीही ऐच्छिक.