नसांची तपासणी: यंत्र काय मोजतं आणि येताना काय लक्षात ठेवावं

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एनसीव्ही’ लिहिलं असेल, तर तुमच्या चेतातंतूंमधून संदेश किती वेगाने जातो हे मोजायचं आहे. बोलताना आपण शिरेलाही नस म्हणतो आणि चेतातंतूलाही, म्हणून अनेकांना इथे रक्तप्रवाह तपासतात असं वाटतं. तसं नाही. रक्तवाहिन्यांशी या तपासणीचा संबंध नाही.

मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूपासून चेतांच्या १२ जोड्या निघतात, मेरुरज्जूपासून ३१. आमचं यंत्र मुख्यतः या बाहेर पडलेल्या चेता तपासतं. मेरुरज्जू माकडहाडापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो आणि खाली घोड्याच्या शेपटीसारखा चेतांचा झुपका उरतो. पायाची बोटं हलवणाऱ्या पेशी मेरुरज्जूच्या या शेवटच्या भागात असतात, म्हणजे एकेका पेशीचा तंतू जवळजवळ १ मीटर लांब. एवढ्या लांबवर माल पुरवायचं काम त्या एका पेशीचंच. मधुमेहात बधिरपणा सहसा पायाच्या बोटांपासून वर चढतो, कारण सर्वांत लांब तंतू आधी कमी पडतात.

संदेश जातो कसा

चेतापेशी शांत असताना तिच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. उद्दीपन मिळालं की सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि साधारण १ मिलिसेकंदात तो बिंदू पूर्ववत होतो. तोवर पुढचा बिंदू पेटलेला असतो. जाड तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं आणि त्यात ठरावीक अंतरावर फटी. संदेश एका फटीतून पुढच्या फटीत उडी घेतो, म्हणून हातात त्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर जातो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो ०.५ ते २ मीटरच असतो. पायाचं बोट दाराला आपटलं की धक्का लगेच कळतो, पण ठणका क्षणभराने येतो, तो यामुळेच.

तपासणी

अंगठ्याच्या तळाशी असलेल्या स्नायूवर पट्टी चिकटवतो. मग मनगटाशी आणि कोपराशी अगदी छोटा विजेचा झटका देतो. स्नायू हलतो, यंत्र वेळ नोंदवतं. समजा मनगटापासून ३.४ मिलिसेकंद लागले, कोपरापासून ७.६ आणि दोन जागांमधलं अंतर २३० मिलिमीटर भरलं. वेळेतला फरक ४.२, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ५५ मीटर. झटका दोन ठिकाणी देण्याचं कारण असं, की चेतेच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सुटून स्नायू चेतवण्यात जाणारा वेळ वजाबाकीत निघून जातो आणि फक्त तंतूचा वेग उरतो.

अहवालात दोन आकडे महत्त्वाचे. वेग घटला तर बहुधा मायलिन बिघडलेलं असतं. वेग ठीक पण स्नायूच्या प्रतिसादाची पडद्यावर उमटणारी लाट उंचीला कमी असेल, तर तंतूच कमी झाले असावेत. पहिला बिघाड तुलनेने लवकर भरून येऊ शकतो. दुसऱ्यात तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा तपासून फारसं काही हाती लागत नाही.

मनगटातल्या अरुंद बोगद्यातून ९ स्नायुरज्जू आणि एक चेता जाते. मनगट दुमडून झोपलं की दाब वाढतो आणि मुंग्यांनी जाग येते. करंगळी यातून सुटते, कारण तिची चेता या बोगद्यातून जातच नाही. करंगळीलाच मुंग्या येत असतील, तर आम्ही कोपर नीट तपासतो.

येण्यापूर्वी

हातापायांना तेल, क्रीम लावू नका, पट्टीला नीट संकेत मिळत नाही. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. उपाशी राहायची गरज नाही. हातपाय मात्र गरम हवेत: त्वचेचं तापमान १ अंशाने उतरलं की वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो आणि धडधाकट चेता आजारी दिसते. म्हणून हात ३२ अंशांवर येईपर्यंत आम्ही शेकतो. यात जाणारा वेळ वाया जात नाही. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

जखमेने चेता तुटली असेल, तर घाई करू नका. तुटलेल्या जागेच्या पुढचा तुकडा काही दिवस झटक्याला उत्तर देत राहतो आणि अहवाल फसवा येतो. साधारण ३ आठवड्यांनी चित्र स्पष्ट होतं. तळव्यांची आग होते पण अहवाल नॉर्मल आला, असंही घडतं, कारण बारीक तंतू या यंत्राला दिसत नाहीत. तो अहवाल घेऊन डॉक्टरांकडे परत जा, बारीक तंतूंसाठी वेगळ्या तपासण्या असतात.

कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायांतली कमजोरी काही तासा-दिवसांत वर चढू लागली, तर आमच्या तारखेची वाट पाहू नका. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तपासणी नंतरही करता येईल.